जियुगाओकाला उतरायचंय

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल फाइल आहे. नाव : जपान_फायनल_खरंच_फायनल. आधीच्या चार 'फायनल' त्याच फोल्डरमध्ये पडून आहेत. पहिलीत बारा दिवस आणि एकतीस ठिकाणं होती. शेवटचीत दिवस तितकेच आहेत आणि ठिकाणं तेरा. मधली अठरा कशी गळाली, ते सांगते.

जपान हे माझं कॉलेजपासूनचं खूळ. सुरुवात 'नारुतो'पासून झाली. मग पुण्यात जपानी शिकणाऱ्या ढिगाने मुलामुलींमध्ये मीही एक झाले, एन-फोरची परीक्षा पास झाले, आणि नोकरी लागल्यावर कांजीच्या वह्या माळ्यावर गेल्या. कधीतरी जाऊ, एकटी जाऊ, असं डोक्यात होतं.

आईला घेऊन जायचं नंतर ठरलं. दोन वर्षांपूर्वी ती चष्म्याचा नंबर तपासायला गेली आणि काचबिंदूचं निदान घेऊन परत आली. दोन्ही डोळे. काचबिंदूची गंमत अशी, की तो दुखत नाही, खुपत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होत जाते आणि दृष्टी कडेकडेने जायला लागते. मधलं बराच काळ शाबूत राहतं, त्यामुळे माणसाला कळतच नाही. आईला पेपर वाचता येत होता, सुईत दोरा ओवता येत होता. फक्त ती अधूनमधून दाराच्या चौकटीला खांदा आपटायची आणि आम्ही तिला "लक्ष कुठंय तुझं?" म्हणायचो.

डॉक्टर म्हणाले, गेलंय ते परत येणार नाही, राहिलंय ते टिकवायचं. थेंब रोज घालायचे, न चुकता. वेळेवर उपचार चालले तर पुष्कळ लोकांची नजर आयुष्यभर पुरते, हेही म्हणाले. पण माझ्या कानांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं. डॉक्टरांनी कुठलीच तारीख दिली नव्हती. ती मीच घातली. गेल्या वर्षी आई निवृत्त झाली, महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेऊन, आणि मी जाहीर करून टाकलं : आपण दोघी जपानला जातोय.

बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही जा. मला समुद्रातलं काही कच्चं खायचं नाही आणि शिजवलेलंही नाही."

*

पहिली फायनल मी तीन आठवडे बनवत होते. रील्स बघायच्या, सेव्ह करायच्या, शीटमध्ये टाकायच्या. तोक्यो, कामाकुरा, हाकोने, क्योतो, नारा, हिमेजी, हिरोशिमा, मियाजिमा, ओसाका. क्योतोला दोन दिवसांत नऊ देवळं. एका रकान्याला मी चक्क 'संस्कृती' असं नाव दिलं होतं आणि त्याखाली लिहिलं होतं : चहाचा विधी ४५ मिनिटं, किमोनो भाड्याने ३ तास, ब्रशने अक्षरं लिहिणं १ तास.

आईला मोबाइलवर एवढा मोठा तक्ता बघायला त्रास होतो, म्हणून एका रविवारी तिला सगळं वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. सातव्या दिवसापर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "यात आपण बसणार कधी?"

"ट्रेनमध्ये."

"बरं." अजून दोन शेंगा सोलून झाल्या. "तुझ्या यादीत तोत्तोचानची शाळा आहे का?"

नव्हती. कारण ती शाळाच नाही आता. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' हे पुस्तक जपानीत १९८१ साली आलं. मराठीत ते नॅशनल बुक ट्रस्टने आणलं, चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादात. आमच्या घरात त्याच्या तीन प्रती आहेत, कारण आई ते नव्या बाईंना वाचायला द्यायची, आणि परत येणार नाही अशा बेताने दुसरी आणून ठेवायची. आधीच्या शाळेतून काढून टाकलेली एक खोडकर मुलगी, आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरवणारी तोमोए नावाची शाळा, आणि पहिल्याच भेटीत त्या मुलीचं बोलणं तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी. आईच्या वर्गात दरवर्षी पन्नासेक मुलं. चार तास एकाचं ऐकत बसणं तिला कुठलं जमणार? पण दर जूनमध्ये पहिल्या आठवड्यात ती प्रत्येक मुलाला टेबलाजवळ बोलवून "बोल" म्हणायची. निदान पाच मिनिटं. ते कोबायाशींकडून आलंय, असं ती सांगते.

"आई, ती शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. तिथे बघायला काही नाही."

"ते मला माहितीये. स्टेशन आहे ना?"

स्टेशन आहे. जियुगाओका. तोक्योच्या नैऋत्येला, शिबुयाहून तोयोको लाइनने थोड्याच मिनिटांवर. पुस्तक सुरू होतं तेच मुळी त्या स्टेशनच्या फाटकापाशी.

"मग तिथे उतरू," आई म्हणाली. "बघायचं काही नाहीये. उतरायचंय."

मी नाइलाजाने एक ओळ घातली. राखाडी रंगात, म्हणजे वेळ उरला तर.

*

दुसरी फायनल सूर्यामुळे झाली.

मी नोव्हेंबरचा शेवट धरला होता, कारण क्योतोतले मेपल तेव्हा लाल होतात. एका रात्री सहज सूर्यास्ताची वेळ बघितली. नोव्हेंबरच्या शेवटी तोक्योत सूर्य साडेचारला मावळतो. जपान त्याच्या वेळेच्या मानाने बराच पूर्वेला, वर हिवाळा. काचबिंदूवाल्या माणसाला सगळ्यात अवघड जातो तो संधिप्रकाश. पायरीची कड दिसत नाही, उजेडातून अंधारात गेलं की डोळे जुळवून घ्यायला वेळ लागतो. माझ्या तक्त्यात रोज साडेचारनंतर तीन-तीन गोष्टी होत्या, त्यातल्या बऱ्याचशा दगडी पायऱ्यांच्या.

मग मे. पण मेच्या सुरुवातीला गोल्डन वीक असतो. सलग सरकारी सुट्ट्या लागतात आणि अख्खा जपान प्रवासाला निघतो. तो टाळून मेचा मधला आठवडा. सूर्यास्त पावणेसातच्या सुमाराला. लाल पानं गेली, चेरीचा बहर आधीच गेलेला. मेमध्ये फुजी ढगात असण्याची शक्यताही हिवाळ्यापेक्षा जास्त. मी हे सगळं शोकसभेच्या आवाजात आईला सांगितलं.

"फुजी दिसलाच तर कुठे असतो? मधोमध ना?"

"हो."

"मग मला दिसेल. माझं मधलं चांगलं आहे अजून."

तोक्योहून क्योतोकडे जाताना शिंकानसेनमध्ये उजव्या बाजूच्या खिडकीची सीट घ्यायची, साध्या डब्यात ती 'ई'. तोक्यो सुटल्यावर पाऊण तासाच्या आसपास फुजी त्या बाजूला येतो. ही एक सीट मी हजार गोष्टी सोडून आधी पक्की केली.

पैशांचंही त्याच सुमारास कळायला लागलं. सगळ्यांच्या जुन्या ब्लॉगमध्ये 'जेआर पास घ्या' असतं. पण सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला. तोक्यो ते क्योतो एका वेळचं तिकीट साधारण १४,००० येन. म्हणजे रोज नवं शहर धरलं तरच तो पास वसूल होतो. एकतीस ठिकाणांच्या तक्त्याला तो परवडत होता. माणसांना परवडत नव्हता. हिमेजी आणि हाकोने तिथेच गळाले.

काही गोष्टी गळाल्या त्या लाजेने. क्योतोच्या गियोनमध्ये काही खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे, मोडली तर १०,००० येन दंड, कारण लोक कामावर निघालेल्या गेइको-माइकोंच्या मागे फोन घेऊन धावायचे. फुजीच्या पायथ्याशी एका गावात २०२४ साली स्थानिक प्रशासनाने रस्त्याकडेला उंच काळी जाळी लावली, कारण एका दुकानाच्या डोक्यावर फुजी उभा असलेला फोटो काढायला लोक रस्त्याच्या मधोमध थांबत होते. त्या वर्षी जपानमध्ये साडेतीन कोटींहून जास्त परदेशी पाहुणे आले. त्या दुकानाचा फोटो माझ्याही सेव्ह केलेल्या यादीत होता. गियोनची गल्लीसुद्धा. मी दोन्ही ओळी पुसल्या आणि 'संस्कृती'चा रकाना जरा वेळ बघत बसले.

*

तिसऱ्या फायनलमध्ये मी शहाणपणा केला, आणि त्यावरून आमचं भांडण झालं.

झालं असं, की मला एक यादी सापडली. १९९६ साली जपानच्या पर्यावरण खात्याने देशभरातून शंभर आवाज निवडले, जपून ठेवण्यासारखे. त्यात हिरोशिमाची शांतिघंटा आहे, नाराच्या कासुगा भागातली हरणं आणि तिथल्या देवळांच्या घंटा आहेत. पुढे २००१ साली तशीच शंभर वासांची यादी झाली. त्यात तोक्योच्या कान्दा भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा वास आहे. कुठल्या सरकारला असलं काही सुचतं? मी वेडी झाले. तक्त्यातून 'संस्कृती' काढलं आणि 'ऐकणं' आणि 'वास' असे दोन रकाने घातले. यामानोते लाइनवर गाडी सुटताना बहुतेक स्टेशनांवर वेगवेगळी धून वाजते. रस्ता ओलांडताना काही सिग्नलवर एका दिशेला 'पियो-पियो' आणि दुसऱ्या दिशेला 'काक्को' असा पक्ष्याचा आवाज येतो, म्हणजे न दिसणाऱ्याला कुठला रस्ता मोकळा आहे ते कळतं. नव्या ततामी चटईला गवताचा वास येतो. मी हे सगळं आईला उत्साहाने वाचून दाखवलं.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मला अजून दिसतं गं."

"हो, पण—"

"मग मला आतापासून कानांवर कशाला ढकलतेस? आधी एकतीस ठिकाणं धावत दाखवणार होतीस, आता डोळे मिटून बसवणार आहेस. माझं मला किती दिसतं, हे एकदा तरी विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. दोन वर्षांत मी दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचे कागद पाहिले होते, त्यातले काळे डाग गूगलवर ताडून पाहिले होते, थेंबांच्या बाटल्यांच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. तिला विचारलं नव्हतं. भीती वाटत होती म्हणून, हे आता लिहिताना सोपं वाटतंय.

त्या रात्री तिने सांगितलं. समोर बसलेल्याचा चेहरा पूर्ण दिसतो. चालताना जमीन दिसत नाही, मुद्दाम खाली बघावं लागतं. गर्दीत बाजूने माणूस एकदम उगवतो. ताटातली चटणी दिसते, पण पलीकडचा पेला हात लागून सांडतो. संध्याकाळी सहानंतर ती एकटी रस्ता ओलांडत नाही, हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. भाजीला ती सकाळी जायला लागली होती. आम्हाला वाटत होतं, निवृत्तीमुळे.

*

मग आम्ही तालीम करायची ठरवली. पुण्यात राहणाऱ्या माणसाला त्यासाठी लांब जायला नको. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामातल्या कोराकुएन बागेवरून ते बेतलंय. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या तिथल्या सरदाराने सतराव्या शतकाच्या शेवटी करायला घेतली आणि १७०० साली ती पुरी झाली. जपानच्या तीन नावाजलेल्या बागांत ती धरतात. पुलंनीही 'पूर्वरंग'मध्ये जपानबद्दल लिहिलं होतं, त्यामुळे नाव शोभतं.

सकाळी गेलो. पाण्याच्या कडेने चालताना एका पुलाशी चढ आला आणि मी सवयीने तिचा दंड धरून पुढे ओढलं. तिचा पाय अडखळला. पडली नाही, पण चप्पल निघाली. माझ्यामुळेच.

"ओढू नकोस मला," ती म्हणाली. "तू माझा हात धरू नकोस. मी तुझा धरते."

नंतर वाचलं, की अंध माणसांना सोबत करायची शिकवली जाणारी पद्धत हीच आहे. ज्याला दिसतं त्याने अर्धं पाऊल पुढे चालायचं, ज्याला कमी दिसतं त्याने त्याच्या कोपराच्या वर हलकेच धरायचं. पुढच्याचं कोपर वर गेलं की पायरी चढायची आहे, खाली गेलं की उतरायची, हे मागच्याला आपोआप कळतं. आईने ते पुलावर उभ्या उभ्या शोधून काढलं. आम्ही बागेला तीन फेऱ्या मारल्या. पहिलीत मी घाईत होते. तिसरीत तिने मला पाण्यातले मासे दाखवले.

घरी येऊन मी ओकायामा शोधायला बसले. तोवर ते माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं. ओसाकाहून हिरोशिमाला जाताना वाटेत लागतं, शिन-ओसाकापासून नोझोमी गाडीने पाऊण तास, लोक झोपेत ओलांडतात. आणि तिथे मला मेट्रो स्टेशनवरच्या पिवळ्या लाद्या सापडल्या. उभ्या रेघांच्या आणि गोल ठिपक्यांच्या. त्या ओकायामाच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली शोधल्या. त्यांच्या एका मित्राची दृष्टी जात चालली होती, त्यावरून कल्पना सुचली, असं सांगतात. १८ मार्च १९६७ रोजी तिथल्या अंधशाळेजवळच्या चौकात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. रेघा असतील तर चालत राहा, ठिपके असतील तर थांब. रंग पिवळा, कारण ज्यांना थोडं दिसतं त्यांना तो पटकन कळतो. तिथून त्या जगभर गेल्या आणि आपल्या मेट्रोच्या फलाटावरही आल्या.

आईला सांगितलं तर ती हसायला लागली. "मला वाटायचं, पाय घसरू नये म्हणून आहेत."

त्या चौकात स्मारकाचा एक दगड आहे. कोराकुएन आणि तो चौक, ओकायामाला एक पूर्ण दिवस. मियाजिमा गेलं.

*

जपानच्या व्हिसासाठी रोज कुठे असणार आणि काय करणार, हे तारखेवार लिहून द्यावं लागतं. तो कागद भरताना आम्ही दोघी टेबलाशी बसलो, आणि चौथी फायनल तिथे झाली. ती सांगत होती, मी टाइप करत होते. एका दिवशी जास्तीत जास्त दोन ठिकाणं. अंधार पडायच्या आत मुक्कामी. क्योतोत नऊऐवजी तीन देवळं. त्यातही फुशिमी इनारीला डोंगरमाथ्यापर्यंत जायचं नाही, तोरीच्या रांगेतून जमेल तितकं चढून परत. हिरोशिमा तिने ठेवायला सांगितलं. "मुलांना शिकवलंय तेवढं. जायला हवं." चहाचा विधीही राहिला, ततामीवर बसायला मिळतं म्हणून. किमोनो गेला. "पायात अडकेल."

नाराबद्दल मी तिला एक गोष्ट सांगितली, मलाही ती नवीन होती. तोदाइजी देवळातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलनाचा सोहळा ७५२ साली झाला. मूर्तीची बुबुळं रंगवली की प्राण आले, असं मानत. तो मान भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूला मिळाला होता. त्याच्या हातातल्या ब्रशला लांब दोरे बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते हातात धरले होते, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचा हात लागला. आईने फक्त विचारलं, "दोरे अजून आहेत?" आहेत. नाराच्या शोसोइन या शाही भांडारात तो ब्रश आणि दोरा जपून ठेवलाय. एरवी बघायला मिळत नाही. "असू दे," ती म्हणाली. "आहेत ना, झालं तर मग."

आता बाकीची तयारी चालू आहे. औषधं महिन्याभराच्या आत पुरतील इतकी न्यायला परवानगी लागत नाही, तरी चिठ्ठी सोबत ठेवलीये. थेंबांचा गजर घरी रात्री साडेनऊला वाजतो आणि बाबा थेंब घालतात. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथे रात्रीचा एक. डॉक्टरांना विचारून वेळ आधीच ठरवून घेतली. बाबा गेला आठवडाभर मला थेंब घालायला शिकवतायत, आणि मी पापणी कशी ओढते यावर रोज टीका होते. जेवणाचं अवघड आहे. वरून निव्वळ भाजी दिसते, पण पाण्यात माशाचा अर्क असतो. म्हणून बाबांनी मेतकूट, भडंग आणि कोरड्या चटणीची एक पिशवी भरलीये. तिचं वजन आईच्या कपड्यांपेक्षा जास्त आहे.

पाचव्या फायनलमध्ये एकच बदल झाला. जियुगाओकाची ओळ राखाडी होती, ती काळी केली आणि पहिल्या दिवसावर नेली.

त्यात एक अडचण होती. तोक्योत सगळे सुइका कार्ड वापरतात, टेकवलं की फाटक उघडतं. पण पुस्तकातल्या तोत्तोचानला स्टेशनबाहेर पडताना हातातलं तिकीट द्यायचं नसतं. तिला ते ठेवून घ्यायचं असतं आणि तिकीटवाले काका ते घेऊन टाकतात. आईला तिकीट हवंय, कार्ड नकोय. आता तिथे काका नाहीत, यंत्र तिकीट गिळून टाकतं. पण शोधल्यावर कळलं, की यंत्रात न घालता बाजूच्या खिडकीशी कर्मचाऱ्याला विचारलं तर ते तिकिटावर रद्द झाल्याचा शिक्का मारून आठवण म्हणून परत देतात.

त्यासाठीचं वाक्य मी आईला एका पांढऱ्या कार्डावर लिहून दिलं, काळ्या स्केचपेनने, मोठ्या अक्षरांत. कोनो किप्पु, किनेन नि मोरात्ते मो ईइ देस का. हे तिकीट आठवण म्हणून घेऊ का?

तिने माझं अक्षर बघून नाक मुरडलं, कार्ड उलटं केलं आणि मागच्या बाजूला स्वतः लिहिलं. फळ्यावरचं अक्षर, एकही रेघ हललेली नाही. मग रोज थेंब घातल्यावर, डोळे मिटून पाच मिनिटं पडून राहायचं असतं तेव्हा ती ते वाक्य पाठ म्हणायला लागली. पहिलीतल्या मुलांसारखं, मोठ्याने, सुरात. बाबांचंही पाठ झालंय.

काल तसंच पडल्या पडल्या तिने विचारलं, "आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर मग यंत्रात जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "तोत्तोचानचंही गेलंच होतं."

मग ती परत पहिल्यापासून म्हणायला लागली.